बंदीच्या यादीत नसलेली नावं

डिसेंबर 2019 मध्ये मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाचे माजी राष्ट्राध्यक्ष फ्रान्स्वा बोझिझे राजधानी बांगीत प्रकट झाले. मे 2014 पासून त्यांच्यावर संयुक्त राष्ट्रांची प्रवासबंदी होती. कागदावर पाहिलं तर कुठल्याही देशाने त्यांना आपल्या हद्दीत येऊ द्यायचं नव्हतं आणि आपल्या हद्दीतून पुढेही जाऊ द्यायचं नव्हतं. तरी ते आले. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीची तयारी केली. घटना न्यायालयाने उमेदवारी फेटाळली तेव्हा हत्यारबंद गटांच्या आघाडीशी हातमिळवणी केली आणि पुढे तिचं प्रमुखपदही घेतलं. त्यानंतर मुक्काम चाडमध्ये, 2023 मध्ये तिथून गिनी-बिसाऊला. यादीतलं नाव जागचं हललं नाही, माणूस मात्र फिरत राहिला.

इथे नियमातली एक मेख सांगायला हवी. प्रवासबंदीच्या जवळपास प्रत्येक ठरावात एक वाक्य असतं: स्वतःच्या नागरिकाला प्रवेश नाकारण्याची सक्ती कुठल्याही देशावर नाही. त्यामुळे बांगीच्या सरकारने बोझिझेंना घरी येऊ दिलं यात नियमभंग शोधता येत नाही. घरापर्यंत पोचण्याआधी त्यांनी ज्या देशांच्या सीमा ओलांडल्या, त्यांनी काय केलं हा खरा प्रश्न. तो मोठ्याने कुणी विचारला नाही.

असल्या कहाण्यांवरून शस्त्रबंदी आणि प्रवासबंदी म्हणजे न्यूयॉर्कमध्ये बसून लिहिलेले तंबीचे कागद, असा निष्कर्ष काढणं सोपं आहे. बरेच जण काढतातही. मला तो पटत नाही. ही हत्यारं बोथट नाहीत, ती चुकीच्या माणसावर रोखली जातात. बंदूक हातात असलेल्याचं नाव यादीत येतं. ती बंदूक ज्याच्या सहीने, ज्याच्या विमानतळावरून, ज्याच्या गुप्तचर खात्यामार्फत त्याच्यापर्यंत पोचली, तो यादीबाहेर राहतो. कित्येकदा तर तोच यादी करणाऱ्यांच्या पंगतीला बसलेला असतो.

सुरुवात अंगोलापासून करायला हवी, कारण बंडखोरांवर सुरक्षा परिषदेने घातलेली पहिली बंदी तिथली. त्याआधीच्या बंद्या देशांवर होत्या; 1977 ची दक्षिण आफ्रिकेवरची शस्त्रबंदी त्यातली गाजलेली. 1992 च्या निवडणुकीत हरल्यावर जोनास साविंबीच्या युनिटा संघटनेने पुन्हा युद्ध सुरू केलं आणि सप्टेंबर 1993 मध्ये ठराव 864 आला: युनिटाला शस्त्रं आणि इंधन विकायचं नाही. 1997 मध्ये युनिटाच्या वरिष्ठ नेत्यांवर आणि त्यांच्या कुटुंबातल्या प्रौढांवर प्रवासबंदी आली, संघटनेची परदेशी कार्यालयं बंद करायला सांगितलं गेलं. 1998 मध्ये हिऱ्यांवर बंदी. ठराव एकावर एक रचले जात होते आणि साविंबीच्या ताब्यातल्या धावपट्ट्यांवर विमानं उतरत होती.

ती विमानं कुठून येतात हे नीट शोधण्यासाठी तज्ज्ञांचा गट नेमला गेला तो 1999 मध्ये. पहिल्या ठरावानंतर सहा वर्षांनी! तोवर बंदी होती आणि ती कोण मोडतं हे विचारायची जबाबदारी कुणावर नव्हती. कॅनडाचे राजदूत रॉबर्ट फाउलर निर्बंध समितीचे, म्हणजे बंदीवर देखरेख करणाऱ्या परिषदेच्या समितीचे, अध्यक्ष झाल्यावर चित्र बदललं. मार्च 2000 मध्ये आलेल्या अहवालाने संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीत तोवर न झालेली गोष्ट केली: सत्तेवर असलेल्या राष्ट्राध्यक्षांची नावं छापली. टोगोचे एयादेमा, बुर्किना फासोचे कोंपाओरे. आरोप थोडक्यात असा, की साविंबीकडून हिरे यायचे आणि त्या बदल्यात आश्रय, वाहतूक आणि कागद मिळायचे. आधी ही सोय झाईरचे मोबुटू करायचे. ते 1997 मध्ये गेल्यावर इतरांनी दुकान चालू ठेवलं. ज्यांची नावं आली त्यांनी अर्थातच सगळं नाकारलं.

यातला ‘कागद’ समजून घेतल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. एका देशातला कारखाना दुसऱ्या देशाला रायफली विकतो तेव्हा घेणाऱ्या सरकारला एक प्रमाणपत्र द्यावं लागतं: हा माल आमच्याच सैन्यासाठी आहे, आम्ही तो तिसऱ्याला देणार नाही. त्याला एंड-यूजर सर्टिफिकेट म्हणतात. विकणाऱ्या देशातला परवाना अधिकारी ते पाहतो आणि माल सुटतो. माल खरोखर तिथे पोचला का, पोचून तिथेच राहिला का, हे नंतर जाऊन पाहण्याची पद्धत फारच थोड्या देशांत आहे. म्हणजे बंदी घातलेल्या बंडखोराला बंदीतून वाट काढायची असेल तर त्याला चोरवाटा शोधत बसायची गरज नाही. एका सार्वभौम देशाची खरी सही त्याला पुरते.

मार्च 1999 मध्ये युक्रेनहून 68 टन शस्त्रं बुर्किना फासोच्या राजधानीत विमानाने उतरली. प्रमाणपत्र बुर्किना फासोचं होतं आणि सही राष्ट्राध्यक्षांच्या सुरक्षादलाच्या प्रमुखाची. तिथून माल लहान विमानाने लायबेरियात गेला. तिथे चार्ल्स टेलर सत्तेवर होते आणि शेजारच्या सिएरा लिओनमधल्या आरयूएफ या बंडखोर सेनेचे पाठीराखे म्हणून ते ओळखले जात. मधला दलाल लिओनिद मिनिन ऑगस्ट 2000 मध्ये मिलानजवळ पकडला गेला, त्याच्याकडे कागदपत्रांचा मोठा साठा सापडला. शस्त्रांच्या खटल्यातून मात्र तो सुटला. इटलीच्या न्यायालयांचं म्हणणं असं, की माल इटलीच्या भूमीला कधी लागलाच नाही, तेव्हा हा विषय आमच्या कक्षेत येत नाही. कायद्याच्या दृष्टीने त्यात चूक काढणं अवघड आहे, आणि नेमकं तेच अस्वस्थ करतं.

सिएरा लिओनची गोष्ट आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. जून 1998 मध्ये परिषदेने तिथल्या सरकारवरची शस्त्रबंदी उठवली आणि बंडखोरांवरची ठेवली, प्रवासबंदीसह. जुलै 1999 मध्ये टोगोतल्या लोमे इथे शांतता करार झाला. त्यात आरयूएफच्या प्रमुखाला, फोडे सांकोहला, माफी मिळाली, उपराष्ट्राध्यक्षाचा दर्जा मिळाला आणि वर देशातल्या खनिजांच्या आयोगाचं अध्यक्षपदही मिळालं. ज्या हिऱ्यांवर बंड चाललं होतं त्यांच्याच तिजोरीची किल्ली. कराराचे यजमान होते टोगोचे एयादेमा, आठ महिन्यांनी फाउलर अहवालात ज्यांचं नाव आलं तेच. प्रवासबंदी असतानाही सांकोह 2000 च्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेत जाऊन आला. मे महिन्यात त्याच्या माणसांनी संयुक्त राष्ट्रांचे सुमारे 500 शांतिसैनिक ओलीस धरले. कैलाहून इथे भारतीय जवानांच्या दोन तुकड्या दोन महिन्यांहून अधिक काळ वेढ्यात अडकल्या आणि जुलैमध्ये ‘ऑपरेशन खुकरी’ करून त्यांना बाहेर काढावं लागलं. शस्त्रबंदी या सगळ्या काळात लागू होतीच.

वेढा घालणाऱ्यांना माल कुठून येतो हे तोवर गुपित राहिलेलं नव्हतं. तरी लायबेरियावर, आरयूएफला मदत केल्याबद्दल, वेगळे निर्बंध आले ते मार्च 2001 मध्ये. जानेवारी 2002 मध्ये सिएरा लिओनचं युद्ध संपल्याचं जाहीर झालं. ब्रिटिश सैन्याची कारवाई, गिनीच्या फौजा, वाढवलेलं शांतिसैन्य, या सगळ्यांचा त्यात वाटा आहे. पण टेलर यांच्यावर दडपण आल्यावर आरयूएफची पाठराखण अवघड झाली, हेही तितकंच खरं. टेलर पुढे सत्तेवरून गेले आणि 2012 मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना 50 वर्षांची शिक्षा ठोठावली.

साविंबीचं काय झालं? तो 22 फेब्रुवारी 2002 रोजी लढाईत मारला गेला. निर्बंधांनी तो संपवला असं मी म्हणणार नाही. अंगोलाच्या सैन्याकडे तेलाचा पैसा होता आणि त्याने रणगाडे येतात. पण फाउलरनंतर युनिटाचे मित्र एकेक करून बाजूला झाले, परदेशातले प्रतिनिधी अडचणीत आले, हिरे विकणं महाग पडायला लागलं. आणखी एक बारीकशी गोष्ट. एप्रिलमध्ये युद्धविराम झाल्यावर मे 2002 मध्ये परिषदेने युनिटाच्या नेत्यांवरची प्रवासबंदी तात्पुरती उठवली, वाटाघाटींसाठी त्यांना ये-जा करता यावी म्हणून. प्रवासबंदीची किंमत अनेकदा ती घालताना दिसत नाही, उठवताना दिसते. समोरच्याला देण्याजोगं काहीतरी हातात उरतं.

म्हणून ‘जंगलात राहणाऱ्याला प्रवासबंदी कशाला?’ ही थट्टा मला अर्धीच पटते. येमेनमधल्या हूथी बंडखोरांचा म्होरक्या अब्दुलमलिक अल-हूथी तिथल्या डोंगरांतून फारसा बाहेर पडत नाही. 2015 मध्ये त्याच्यावर प्रवासबंदी घालून त्याच्या दिनक्रमात काय फरक पडला असेल? काहीच नाही. पण प्रत्येक बंडाला एक शहरी चेहरा असतो: प्रवक्ता, खजिनदार, हॉटेलच्या लॉबीत दलालाला भेटणारा. त्याला विमानाचं तिकीट लागतं. अडवायचं तर त्याला. तालिबानचे परराष्ट्रमंत्री अमीर खान मुत्तकी यांना ऑक्टोबर 2025 मध्ये दिल्लीला यायलासुद्धा सुरक्षा परिषदेच्या समितीची सवलत घ्यावी लागली. अख्खा देश चार वर्षं ताब्यात असलेल्या राजवटीचा मंत्री पंधरा सदस्यांच्या समितीच्या होकाराची वाट पाहतो. याला कुचकामी कसं म्हणायचं?

उलट टोकाचं उदाहरण जर्मनीतलं. काँगोच्या पूर्वेला लढणाऱ्या एफडीएलआर या रवांडन हुतू बंडखोर संघटनेचा अध्यक्ष इग्नास मुर्वानाश्याका जर्मनीत राहायचा. नोव्हेंबर 2005 मध्ये त्याचं नाव प्रवासबंदीच्या यादीत आलं. तो जिथे राहत होता तिथेच राहून संघटना चालवत राहिला. जंगलातल्या सेनापतींशी बोलायला फोन होता. अटक झाली 2009 च्या नोव्हेंबरमध्ये. ज्याला कुठे जायचंच नाही त्याला प्रवासबंदी कशी लागणार? तिथे पोलीस लागतात, सरकारी वकील लागतो आणि यजमान देशाची इच्छा लागते.

यजमानाची इच्छा म्हटलं की पूर्व काँगोकडे वळावंच लागतं. माझ्या म्हणण्याचा सगळ्यात भक्कम पुरावा तिथे आहे.

जुलै 2003 मध्ये उत्तर किवू, दक्षिण किवू आणि इतुरी इथल्या सर्व सशस्त्र गटांवर शस्त्रबंदी आली. 2005 मध्ये ती देशभर पसरली, सोबत प्रवासबंदी आली. 2008 मध्ये सरकारला वगळून ती फक्त बिगरसरकारी गटांवर ठेवली गेली. एवढ्या बंदीत 2012 साली एम23 नावाचं बंड उभं राहिलं आणि नोव्हेंबरमध्ये त्याने गोमा शहर घेतलं. त्याच सुमारास संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ गटाने लिहून ठेवलं होतं की एम23 च्या आदेशांची साखळी वर रवांडाचे संरक्षणमंत्री जेम्स कबारेबे यांच्यापर्यंत पोचते. रवांडाने ते साफ नाकारलं. यानंतर यादीत कोण गेलं? एम23 चा सेनापती सुल्तानी माकेंगा गेला, वर्ष संपता संपता एम23 ही संघटनाही गेली. कबारेबे गेले नाहीत. आणि ऑक्टोबर 2012 मध्ये, म्हणजे गोमा पडण्याच्या एक महिना आधी, रवांडा सुरक्षा परिषदेवर दोन वर्षांसाठी निवडून आला होता. परिषदेचे सगळे सदस्य निर्बंध समित्यांचेही सदस्य असतात. एम23 वरच्या बंदीची देखरेख करणाऱ्या टेबलावर 2013 आणि 2014 ही दोन वर्षं रवांडाची खुर्ची होती. कुंपणानेच शेत खाल्लं असं आपण म्हणतो. इथे तर कुंपणाला राखणदारही नेमलं.

तरीही एम23 चं ते बंड नोव्हेंबर 2013 मध्ये मोडलं. कसं? संयुक्त राष्ट्रांनी दक्षिण आफ्रिका, टांझानिया आणि मलावीच्या सैनिकांची लढाऊ ब्रिगेड पाठवली, काँगोचं सैन्यही त्या वेळी बरं लढलं. पण त्याआधी ब्रिटन, जर्मनी, नेदरलँड्स यांनी रवांडाची मदत रोखली होती आणि अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी रवांडाचे राष्ट्राध्यक्ष कागामे यांना थेट फोन करून समज दिली होती. शेजाऱ्याने हात आखडता घेतला आणि काही महिन्यांत बंडखोरांकडे पळण्यापलीकडे काही उरलं नाही. यादीत नाव चढवून जे झालं नाही ते पाठीराख्याच्या खिशाला हात घातल्यावर झालं.

धडा इतका स्पष्ट होता की तो विसरायला मेहनत घ्यावी लागली असेल. 2021 च्या अखेरीस एम23 पुन्हा उठली. 2024 च्या मध्यावर तज्ज्ञ गटाने लिहिलं की रवांडाचे 3000 ते 4000 सैनिक काँगोच्या भूमीवर आहेत. एप्रिल 2024 च्या अखेरीस रुबायाच्या कोल्टन या खनिजाच्या खाणी एम23 च्या हाती गेल्या; तिथून संघटनेला महिन्याला किमान 8 लाख डॉलरचं उत्पन्न मिळत असल्याचा अंदाज त्या वर्षअखेरच्या अहवालात आहे. जानेवारी 2025 मध्ये गोमा पुन्हा पडलं, फेब्रुवारीत बुकावू. त्यानंतर ठराव 2773 मध्ये परिषदेने प्रथमच रवांडाच्या सैन्याचं थेट नाव घेऊन त्याला मागे फिरायला सांगितलं. आणि अमेरिकेने कबारेबे यांच्यावर स्वतंत्रपणे निर्बंध घातले. तज्ज्ञांनी नाव लिहिल्यानंतर बारा वर्षांनी.

या तज्ज्ञ गटांबद्दल एक शब्द बोलल्याशिवाय राहवत नाही. मूठभर माणसं, ठरावीक मुदतीचं कंत्राट, अटकेचे अधिकार नाहीत. काडतुसांच्या पेट्यांवरचे लॉट क्रमांक टिपणं, मालवाहू विमानांच्या फेऱ्या मोजणं, पकडलेल्या सैनिकांशी बोलणं, असं त्यांचं काम. मार्च 2017 मध्ये मायकेल शार्प आणि झायदा कातालान या काँगो गटातल्या दोन तज्ज्ञांची कसाई भागात हत्या झाली. अशी किंमत देऊन गोळा केलेली माहिती समितीत जाते, आणि तिथे एकाही सदस्याची हरकत आली तर नाव यादीत चढत नाही. बंदीचं यश-अपयश मोजताना आपण ठरावांची संख्या मोजतो. अहवालात आलेल्या किती नावांचं पुढे काही झालं, हे मोजून पाहा.

माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा, की बंदीने शस्त्रं निदान महाग तरी होतात. खरं आहे. दलाल जोखमीचे पैसे लावतो. पण ते पैसे बंडखोर खाणीतल्या मजुराकडून आणि रस्त्यावरच्या नाक्यांवर वसूल करतो. ज्या बंडाकडे हिरा, कोल्टन किंवा सोनं आहे, त्याला महागाई परवडते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. बंडखोरांवरच बंदी घालणं म्हणजे एका बाजूने युद्धात उतरणं. येमेनमध्ये 2015 च्या ठराव 2216 ने हूथींवर शस्त्रबंदी घातली आणि तिच्या अंमलबजावणीच्या नावाखाली सौदी आघाडीने बंदरांची जी कोंडी केली, तिची झळ अन्न आणि इंधनाची वाट पाहणाऱ्यांना बसली. हूथींकडची क्षेपणास्त्रं काही कमी झाली नाहीत. दोन्ही बाजूंवर सरसकट बंदी घातली तरी न्याय होतोच असं नाही. 1991 मध्ये संपूर्ण युगोस्लाव्हियावर बंदी आली तेव्हा जुन्या सैन्याची कोठारं सर्बांच्या हाती होती; बंदीने बोस्नियाच्या सरकारला निःशस्त्र ठेवलं. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि त्याच कारणासाठी बंदीचा रोख लढणाऱ्यांवरून पुरवणाऱ्यांवर वळायला हवा असं मला वाटतं. पुरवठादाराला रोखताना कुणाच्या बंदरातलं धान्य अडवावं लागत नाही.

‘सार्वभौम देशांवर हात टाकणं शक्य नाही’ असंही ऐकवलं जातं. लायबेरियाच्या बाबतीत ते शक्य झालं होतं. अर्थात टेलर यांच्यामागे कुणी बडा देश उभा नव्हता, हेही मान्य केलं पाहिजे. लिबियात 2011 पासून शस्त्रबंदी आहे. ती घालून चार महिने झाले तोच फ्रान्सने बंडखोरांना विमानातून शस्त्रं टाकली आणि तसं उघड सांगितलं. मार्च 2021 मध्ये तज्ज्ञांनी ही बंदी पूर्णतः निष्प्रभ ठरल्याचं लिहिलं. बंदीसाठी हात वर करणारे आणि बंदी मोडणारे तिथे निराळे काढणं कठीण झालं होतं.

आता सुदान. 2004 मध्ये देशाच्या पश्चिमेकडच्या डार्फर भागातल्या जंजवीद टोळ्यांसह सगळ्या बिगरसरकारी गटांवर शस्त्रबंदी आली, 2005 मध्ये ती डार्फरमध्ये लढणाऱ्या सगळ्यांवर लागू झाली. फक्त डार्फरमध्ये. उरलेल्या सुदानला शस्त्रं विकायला मोकळीक. जणू बंदूक आतल्या आत एका प्रांतातून दुसऱ्यात जातच नाही. एप्रिल 2006 मध्ये चार जणांची नावं यादीत आली. त्यातला जंजवीद म्होरक्या मूसा हिलाल 2008 च्या जानेवारीत खार्तूम सरकारात सल्लागार झाला. पुढची नावं यायला नोव्हेंबर 2024 उजाडलं: त्याच जंजवीदांतून वाढलेल्या आरएसएफ या दलाचे दोन कमांडर. तोवर नवं युद्ध सुरू होऊन दीड वर्ष झालं होतं. आरएसएफचा प्रमुख हेमेती त्या यादीत नव्हता. त्याने 2023 च्या डिसेंबरपासून पुढच्या जानेवारीपर्यंत आफ्रिकेतल्या अनेक राजधान्या पालथ्या घातल्या, राष्ट्रप्रमुखांच्या शेजारी बसून फोटो काढले, किगालीत वंशसंहाराच्या स्मारकालाही भेट दिली.

चाडमधल्या अम्दजरासमार्गे संयुक्त अरब अमिराती आरएसएफला शस्त्रं पुरवते या आरोपांना विश्वासार्ह आधार असल्याचं जानेवारी 2024 च्या अहवालात तज्ज्ञांनी नोंदवलं. अमिरातीने आरोप नाकारले. त्याच वर्षी ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने अमिरातीत बनलेली, फ्रेंच संरक्षक यंत्रणा बसवलेली चिलखती वाहनं सुदानमध्ये आरएसएफकडे असल्याचं दाखवलं. अमिराती मोठा गिऱ्हाईक आहे. पाश्चात्त्य राजधान्यांना त्याच्याशी वाकडं घ्यायचं नाही आणि परिषदेतल्या इतरांची आपापली गणितं आहेत. 2024 मध्ये यादी आरएसएफच्या दोन कमांडरांपाशी थांबली.

12 सप्टेंबर 2025 रोजी परिषदेने सुदानचे निर्बंध आणखी एक वर्षासाठी वाढवले. डार्फरमधलं एल फाशर शहर तेव्हा सोळा महिने आरएसएफच्या वेढ्यात होतं. 26 ऑक्टोबरला त्या शहरातला सैन्याचा मुख्य तळ आरएसएफच्या हाती गेला, शहरही गेलं आणि पाठोपाठ कत्तलीच्या चित्रफिती बाहेर यायला लागल्या. शस्त्रबंदीची हद्द सप्टेंबरमध्ये होती तीच राहिली, डार्फर.